जामीन कोण राहणार? मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि महिला मंडळाच्या पदाधिकारी भगिनी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

एका मंडळीपुरतं म्हणणं असतं तर पाळकसाहेबांना गाठून बोलले असते आणि मोकळी झाले असते. पण माझं माहेर नगरकडचं, सासर पुण्याचं आणि नोकरी नर्सची, बदल्यांची. त्यामुळे बऱ्याच मंडळ्यांच्या बाकांवर बसणं झालं आणि एक गोष्ट सगळीकडे सारखीच दिसली. म्हणून उघड लिहिते आहे. कुणा एका मंडळीकडे बोट नाही, तेव्हा कुणी अंगाला लावून घेऊ नये. लावून घेतलंच तरी हरकत नाही म्हणा.

संजीवन सभा, म्हणजे विश्वासाला नवी जाग आणण्याच्या सभा, ठरतात, मांडव पडतो आणि कमिटीत पहिला प्रश्न निघतो, "साक्षीला कोण?" मग नावं येतात. दारू सुटलेला अमुक. मटक्याचा धंदा सोडलेला तमुक. येरवड्याहून शिक्षा भोगून आलेला आणखी कुणी. भूतकाळ जितका काळा तितकी साक्ष "जोरदार". तो भाऊ माइकपुढे उभा राहतो, आपण हालेलुया म्हणतो, पदरानं डोळे पुसतो. पुढे वार्षिक सभेत कामांची वाटणी होते तेव्हा मात्र त्याचं नाव एकाही कागदावर नसतं. आजारी भेट, शब्बाथ शाळा, तरुण संघ, बांधकाम समिती, दानार्पण मोजणारे, कुठेच नाही. प्रीतिभोजनाची भाजी आणायला मंडईत जाणाऱ्या जोडीतसुद्धा नाही. चुकून कुणी नाव घेतलंच तर कोपऱ्यातून घसा खाकरल्याचा आवाज येतो. "माणूस आता चांगलाच आहे हो, पण लोक काय म्हणतील?" आणि विषय पुढे सरकतो.

मला एवढंच म्हणायचं आहे. तारण देणं हे देवाचं काम, ते त्यानं केलं. पण तारलेल्या माणसाचं पाचारण, म्हणजे देवानं सेवेसाठी दिलेली हाक, प्रत्यक्ष सेवेत उतरायचं असेल तर मंडळीतल्या कुणाला तरी त्याच्यासाठी जामीन राहावं लागतं. आपण टाळ्या वाजवायला तयार आहोत, जामीन राहायला नाही.

हा शब्द मी मनानं काढलेला नाही. पौलाचं फिलेमोनाला पत्र पुन्हा एकदा उघडून वाचा. बायबलमधलं अगदी छोटं पत्र, एका बैठकीत दोनदा वाचून होतं. पौल तुरुंगात आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, त्याच्यापासून दूर झालेला, बहुधा पळालेला, आणि कदाचित काही नुकसानही करून गेलेला. तो पौलाला भेटतो, विश्वास ठेवतो आणि आता परत चालला आहे. पौलानं त्याच्या हाती काय द्यावं? त्यानं साक्ष लिहून दिली नाही. अनेसिमानं काय केलं, कसं केलं, कुठे लपला, यातलं काहीही त्या पत्रात नाही. आहे ती हमी. त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, तुझं काही देणं असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड. मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे, मी फेडीन. आणि हे पत्र एकट्या फिलेमोनाला नाही, त्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीलाही आहे. म्हणजे सगळ्यांच्या देखत पौल जामीन राहिला. वर असंही म्हणाला की खरं तर हा माझ्याजवळ राहून सेवा करता तर मला बरं झालं असतं.

पौल असं का लिहू शकला? कारण त्याच्यासाठी आधी कुणीतरी जामीन राहिलं होतं. पौल तेव्हा शौल होता, मंडळीला छळणारा; दिमिष्काच्या वाटेवर त्याला दिसलेला प्रकाश आपल्याला पाठ आहे. त्यानंतरचं आपण घाईनं वाचतो. दिमिष्कातल्या हनन्या या शिष्याला प्रभू शौलाकडे जायला सांगतो तर तो आधी शौलाची सगळी कुंडली मांडतो: यानं यरुशलेमेत पवित्र जनांचं किती वाईट केलं आणि इथेही अटकेचा अधिकार घेऊन आला आहे. हनन्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याची माहिती खरी होती. तरी तो गेला, डोक्यावर हात ठेवला आणि "शौला, भाऊ" म्हणाला. पुढे यरुशलेमेत शिष्य शौलाला घाबरून जवळ येऊ देईनात, तेव्हा त्यांच्यातल्याच बर्णबानं त्याला धरून प्रेषितांकडे नेलं. पुढे अंत्युखियात काम वाढल्यावर हाच बर्णबा तार्सास गेला, शौलाला शोधून काढलं आणि कामाला लावलं. तो उपदेश करत बसला नाही, माणसाला शोधायला निघाला.

आणि याच पौलानं पुढे काय केलं बघा. मार्क एका प्रवासात पंफुल्यात अर्ध्यावर साथ सोडून गेला होता. बर्णबा म्हणाला, त्याला पुन्हा बरोबर घेऊ. पौल म्हणाला, नको. इतकी बाचाबाची झाली की दोघे वेगळे झाले. ज्याच्यावर कुणी विश्वास टाकायला तयार नव्हतं तोच माणूस दुसऱ्यावर विश्वास टाकेना. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण तो लपवून ठेवलेला नाही. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. बऱ्याच वर्षांनी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काच्या पाठीशी बर्णबा उभा राहिला नसता तर ती ओळ लिहायची वेळ पौलावर कदाचित आली नसती.

आता पंचांची बाजू. ती मला माहीत आहे, माझ्या घरातही पंच होऊन गेले. जबाबदारी आमच्यावर असते, उद्या काही झालं तर लोक आम्हाला विचारणार, हे खरं आहे. पौलानंच तीमथ्याला बजावलं आहे की अध्यक्ष नवशिका असू नये, नाहीतर तो फुगून जाईल. म्हणून आज बाप्तिस्मा आणि उद्या वेदीवर, असं मी मुळीच म्हणत नाही. उलट तो घोटाळा आपणच करतो. माणूस जेमतेम सहा महिने सावरलेला असतो आणि आपण त्याला मांडवातल्या हजार लोकांपुढे उभा करतो. त्याला फुगवायला याहून दुसरं काय लागतं?

काही बाबतीत तर मी पंचांपेक्षाही कडक आहे. ज्याच्या हातून लहान मुलांवर अत्याचार झाला त्याला शब्बाथ शाळेच्या, वसतिगृहाच्या, मुलांच्या शिबिराच्या आसपास फिरकू देऊ नये. कधीच नाही. पश्चात्ताप खरा असला तरी नाही. खऱ्या पश्चात्तापाचा माणूस ते मागणारही नाही. पॉक्सो कायदा 2012 चा आहे आणि त्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "मंडळीत मिटवलं, त्यानं रडून क्षमा मागितली" ही सबब कायद्यापुढे चालत नाही आणि माझ्या मते देवापुढेही चालत नाही. क्षमा म्हणजे पोरांच्या खोलीची किल्ली नव्हे. तसंच, ज्यानं पैशाची अफरातफर केली त्याच्या एकट्याच्या हाती थैली देऊ नये. पण थैली कुणाच्याही एकट्याच्या हाती देऊ नये! दोघांनी मोजावं, दोघांनी सही करावी, हा नियम सगळ्यांना लावा. म्हणजे कुणाला डागल्यासारखं वाटणार नाही. आजवर मंडळ्यांत जे पैशाचे वाद कोर्टापर्यंत गेले त्यातले किती जण तुरुंगातून आलेले होते आणि किती जण पांढऱ्या शर्टातले, हे आपण सगळे जाणतो.

या दोन-तीन गोष्टी बाजूला ठेवल्या तरी मंडळीत कामं ढीगभर उरतात. तिथे मात्र "लोक काय म्हणतील" याखेरीज कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

साक्षीबद्दल आणखी एक बोलायचं आहे आणि ते भगिनींनी जास्त लक्ष देऊन वाचावं. दारू सुटलेला भाऊ माइकवर सांगतो, "मी हिला रोज मारायचो, एकदा तर हिच्या डोक्यात तांब्या घातला." मांडव हळहळतो. "ही" पहिल्या रांगेत बसलेली असते. मुलं बाजूला. शाळेतल्या मैत्रिणी मागच्या रांगेत. तिला कुणी विचारलं होतं का? त्याच्या साक्षीत तिच्या अंगावरचे वळ वापरले जातात, त्याला टाळ्या मिळतात आणि घरी जाऊन भांडी तिनेच घासायची. तिनं त्याला क्षमा केली असेल किंवा नसेल, तो तिच्या आणि प्रभूच्या मधला विषय. चारचौघांत "केली ना गं क्षमा?" असं विचारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तिनं काय म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते?

जकातदार जक्कय झाडावरून उतरला, येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा जक्कयानं आपण कसं लुबाडलं याची रसभरीत कथा सांगितली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो म्हणाला. सगळं बोलणं ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याबद्दल. साक्षीला माणूस निवडताना पंचांनी एकच चौकशी करावी: यानं ज्यांचं नुकसान केलं त्यांचं काय झालं? बायकोच्या नावावर काही झालं का, भावाचे उसने पैसे फिटले का, ज्याचा हात मोडला त्याच्या घरी हा गेला का? उत्तर अजून नाही असं असेल तर साक्ष थांबू दे. आधी ते काम.

इंग्लंडचा जॉन न्यूटन आठवा. कृपेवरचं त्याचं गीत जगभर गायलं जातं. आपल्या सभांत त्याची गोष्ट अशी सांगतात: गुलामांच्या जहाजावरचा खलाशी, 1748 साली अटलांटिकमध्ये वादळ, प्रार्थना, नवा जन्म, संपलं. प्रत्यक्षात त्या वादळानंतरही तो गुलामांच्या व्यापारात राहिला. जहाजाचा कप्तान म्हणून त्यानं फेऱ्या केल्या, डेकवर बायबल वाचायचा आणि खाली माणसं साखळदंडात. 1754 मध्ये आजारपणामुळे समुद्र सुटला. पाळकपदाची दीक्षा मिळायला 1764 उजाडलं. आणि त्या धंद्याविरुद्ध त्यानं जाहीरपणे लिहिलं ते 1788 मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. एकेकाळी आपण ज्या व्यवहाराचं हत्यार होतो त्याच्या आठवणीनं आता काळीज थरथरतं, असं त्यानं कबूल केलं. जहाजाच्या पोटात माणसं फळीवरच्या पुस्तकांसारखी कशी दाटीनं ठेवत, हेही लिहिलं. पुढे संसदेच्या चौकशीतही सांगितलं. जे आतून पाहिलं होतं ते सगळं त्यानं, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूनं, पुराव्यासारखं मांडलं. 1807 मध्ये ब्रिटिश संसदेनं तो व्यापार बंद करणारा कायदा केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला. त्याचं पाचारण वादळाच्या रात्री ठरलं असेलही, पण ते कळायला अर्धं आयुष्य गेलं. आपण मात्र पुढच्या रविवारी निकाल मागतो.

आणि सगळाच भूतकाळ पापाचा नसतो, हेही कुणीतरी व्यासपीठावरून एकदा सांगावं. नवऱ्यानं टाकलेली, बलात्कार सोसलेली, लहानपणी भीक मागायला लावलेली, ओढून धंद्याला लावलेली, यांना आपण दारुड्याच्याच रांगेत उभं करतो आणि "प्रभूनं क्षमा केली" म्हणतो. कशाची क्षमा? विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीवरचे किती उपदेश ऐकले, प्रत्येकात ती "पापी बाई". योहानाचा चौथा अध्याय नीट वाचा. तिला पाच नवरे होते असं येशू म्हणतो. ते मेले, की त्यांनी तिला सोडलं, हे सांगितलेलं नाही. त्या काळी सोडून देणं बहुतेक पुरुषाच्याच हाती असे. येशू तिला "पुन्हा पाप करू नकोस" म्हणत नाही, तिच्याशी उपासनेवर बोलतो. इतकं मोलाचं बोलणं त्यानं निकदेम या यहुदी पुढाऱ्यालासुद्धा रात्री ऐकवलं, हिला भर दुपारी. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि गाव तिच्या शब्दावर बाहेर येतं. गावकऱ्यांनी आधी तिचा दाखला मागितला नाही.

हीच गोष्ट पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात कुठे येते हे आपल्या तरुण संघातल्या मुलांना माहीत असावं असं मला फार वाटतं. केडगावला त्यांच्या मुक्ती सदन आश्रमाच्या सहली निघतात, फोटो निघतात, हे मात्र कुणी सांगत नाही. 1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सकडे गेल्या. त्यांनी रमाबाईंना लंडनमधल्या फुलहॅमचं आपलं काम पाहायला पाठवलं. समाजानं "पतित" ठरवलेल्या स्त्रियांसाठीचं ते काम होतं. तिथे त्यांना अशा बायका भेटल्या की ज्या पूर्वी स्वतः त्या आश्रमात आणल्या गेल्या होत्या आणि आता आजाऱ्यांची, दुबळ्यांची सेवा करण्यात त्यांनी आयुष्य वाहिलं होतं. रमाबाई हे पाहून चकित झाल्या. अशा बायकांना जवळ करायला ख्रिस्ती लोकांना कोण सांगतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरनं त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी हे पुढे 1907 मध्ये स्वतःच लिहून ठेवलं आहे. शास्त्रं पाठ असलेल्या त्या विदुषीला वादविवादात जे दिसलं नव्हतं ते सेवा करणाऱ्या त्या बायकांत दिसलं.

मग केडगाव. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या, कारण दुष्काळ म्हणजे काय हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळानं त्यांचे आईवडील नेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली, आणि भावाबरोबर त्या देशभर अनवाणी फिरल्या. ती भूक हे काही त्यांचं पाप नव्हतं, पण त्यांच्या पाचारणाला ती कामी आली. मुक्ती सदनाच्या आवारातच कृपा सदन उभं राहिलं, बाहेरच्या जगानं ज्यांना "वाया गेलेल्या" म्हटलं त्यांच्यासाठी. आणि रमाबाईंनी या सगळ्यांना नुसतं जेवूखाऊ घालून भजनाला बसवलं नाही. विणकाम, शेती, तेलाची घाणी, दुग्धशाळा, छापखाना, जिला जे जमेल ते काम दिलं. बायबल वुमन, म्हणजे बायकांना बायबल सांगणाऱ्या सेविका, म्हणून बायका खेड्यापाड्यांत गेल्या. 1922 च्या एप्रिलात रमाबाई वारल्या, त्याआधी त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर पुरं केलं होतं, आणि त्याच्या छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांच्या हातचं. जिला गावानं उंबरठ्याच्या आत घेतलं नसतं तिच्या बोटांनी देववचनाचे छपाईचे खिळे जुळवले. रमाबाईंनी जर "लोक काय म्हणतील" याची वाट पाहिली असती तर? लोक तर त्यांनाच केवढं बोलले.

आणि आपण तरी कोण? नगर जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांत आपल्यातल्या कितीतरी जणांच्या पणजोबांना गावानं वेशीबाहेर ठेवलेलं होतं. कुणीतरी त्यांच्या पोरांच्या हातात पाटी दिली, पुढे त्यातूनच शिक्षक झाले, पाळक झाले, सिस्टर झाल्या. आपल्या घरात भिंतीवर जो फोटो आहे त्या माणसासाठीही कुणीतरी जामीन राहिलं होतं.

एका भावाबद्दल सांगते. नावगाव सांगणार नाही. मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला, दारू सुटून बरीच वर्षं झालेली. रविवारी घंटेच्या आधी येतो, सतरंज्या झटकतो, खुर्च्या मांडतो, माइकची वायर जोडतो. उपासना सुरू झाली की मागच्या बाकाच्या कडेला बसतो. एकदा त्याच बाकावर एक बाई आल्या. बसता बसता त्यांनी मधे ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. वाईट हेतू नसेल, सवयीनं हात गेला असेल. त्यानं ते पाहिलं. हातातल्या गीतांच्या पुस्तकाचं एक पान पुढे उलटलं, मग पुन्हा मागे आणलं.

याच माणसाला मी सरकारी दवाखान्याच्या पुरुष वॉर्डात पाहिलं आहे. दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत काही पेशंटना भ्रम होतो. हात थरथरतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, माणूस कॉटवरून उठून पळतो, मग बांधून ठेवावं लागतं. डॉक्टर इंजेक्शन देतात, आम्ही सलाईन सांभाळतो आणि नातेवाईक म्हणत राहतात, "अरे काही नाहीये भिंतीवर!" त्यानं पेशंट आणखी चवताळतो. हा भाऊ स्टूल ओढून जवळ बसला, पेशंटचा मनगटापाशी बांधलेला हात हातात घेतला आणि म्हणाला, "मलाही दिसायचे. काळे होते ना? परवापर्यंत जातील." तो पेशंट त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि गप्प झाला. मग यानं त्याला चमच्यानं पेज भरवली, दाढी केली, नखं कापली. सेवानिवृत्त होईपर्यंत मी कितीतरी पेशंट सांभाळले, पण ते वाक्य मला म्हणता आलं नसतं. मला ते किडे कधी दिसलेच नाहीत.

हे त्याचं पाचारण. मंडळीतल्या कुणी त्याला ते दिलं नाही आणि कुणाला ते माहीतही नाही. रात्री-अपरात्री बायका त्याला फोन करतात, "भाऊ, पुन्हा पिऊन आलेत, याल का?" तो जातो. आजारी भेट समितीत त्याचं नाव नाही. संजीवन सभेच्या साक्षीच्या यादीत मात्र असतं.

पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 1986 पासून हे चाललं आहे. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे समुपदेशक, कार्यकर्ते होतात. जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यात दलित होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या, अक्षरओळख नसलेल्या होत्या, आणि ज्या गावानं त्यांना लांब ठेवलं तेच गाव बाळंतपणाला त्यांना बोलवू लागलं. आरोळे आपल्यातलेच. मुक्तांगण तर देवाचं नाव पाटीवर न लावता हे करतं. पाटीवर नाव असलेल्यांनी मागे का राहावं?

पाचारण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सेमिनरी आणि पांढरा झगा येतो, हीही एक अडचण. गरसेकरांच्या मुलखात भूतबाधेतून सुटलेला माणूस येशूला म्हणाला, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. येशूनं त्याला नेलं नाही, आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा म्हणाला. ज्यांनी त्याला साखळदंडांनी बांधलं होतं त्यांच्यातच. सुटलेल्या प्रत्येकाला प्रचारक करण्याची आपली हौस त्या भावांनाही महागात पडते. उपदेश करता येत नाही म्हणून आपल्याला पाचारण नाही, असं ते समजून बसतात आणि काही तर त्या निराशेत पुन्हा बाटलीकडे जातात.

तेव्हा माझी विनंती अशी. संजीवन सभांच्या साक्षी कमी करा, झाल्याच तर घरच्यांना आधी विचारून करा. बदललेल्या प्रत्येक माणसामागे पंचांपैकी किंवा जाणत्या सभासदांपैकी एकानं उभं राहावं. त्याच्याबरोबर दवाखान्यात जावं, तुरुंग-भेटीला जावं, आधी जोडीनं, मग मोकळं सोडावं. तो घसरला तर "सांगितलं नव्हतं का?" म्हणणाऱ्यांना त्या जामिनानं उत्तर द्यावं. घसरण होते. वॉर्डात आम्ही पाचपाच वेळा तोच पेशंट दाखल करून घेतो, दारातून परत पाठवत नाही. भगिनींसाठी महिला मंडळानं हेच करावं, आणि त्यांची "गोष्ट" विचारण्याआधी त्यांना काय येतं ते विचारावं. शिवण, हिशेब, स्वयंपाक, संगणक, आजाऱ्याचं करणं, काहीतरी येतंच. मुलांच्या सुरक्षेचे आणि पैशाचे नियम लेखी करून व्हरांड्यातल्या फलकावर लावा, ते पाळकसाहेबांपासून सगळ्यांना सारखे असू देत.

नाताळ जवळ आला की कॅरोलचे गट पडतात आणि दवाखान्यात फळं वाटायला जाणाऱ्यांची यादी होते. या वर्षी ती यादी करताना एक नाव असं घाला की ज्यावर कुणीतरी घसा खाकरेल, आणि त्याच्यापुढे कंसात जामीन म्हणून स्वतःचं नाव लिहा. पहिलं लिहायला कुणी पुढे येत नसेल तर माझं लिहा. दवाखान्याचा रस्ता मला माहीत आहे.

आपली भगिनी,
मंडळीची एक सभासद, सेवानिवृत्त परिचारिका